मोकळं?

"भावजी, तुम्ही पुढे व्हा. मी मागून येते," शैलावहिनी म्हणाल्या. चहाचा रिकामा पेला त्यांनी टपरीच्या फळीवर ठेवला आणि ओढणीची गाठ कमरेला आवळली.

"पुढे-मागे कशाला? बरोबरच उतरू की."

"बरोबर नाही. हे उतरायचे तसंच. तुम्ही पुढे, मी यांच्या जागी. आणि दर वळणावर विचारायचं."

मी उगाच ब्रेकची तार चाचपत राहिलो. ब्रेक उत्तम होते, आदल्या दिवशीच नवी रबरं घातली होती. पण वहिनींच्या डोळ्याला डोळा द्यायचा नव्हता, म्हणून हात कुठेतरी गुंतवले.

त्यांनी टपरीवाल्याला विचारलं, "मामा, या घाटात आवाज घुमतो का हो?"

"घुमतोय की! हितनं ओरडा, समोरचा कडा वरडतोय बघा."

"आणि खाली? सातव्या वळणावर?"

"खाली कोण कशाला जातंय ओरडायला, ताई?" तो हसला आणि स्टोव्हला पंप मारायला लागला.

मी ब्रेकची तार सोडून घाईघाईनं चहाचे पैसे दिले.

'हे' म्हणजे रमाकांत ढोबळे. माझा मित्र, शाळासोबती आणि नंतर एकाच हायस्कुलातला मास्तर. तो भूगोल शिकवायचा, मी शास्त्र. दोघांनाही सायकलचं खूळ. सुट्टी लागली की एसटीच्या टपावर सायकली टाकायच्या, कुठल्यातरी घाटमाथ्यावर उतरायचं आणि दोन-तीन दिवस खोऱ्याखोऱ्यांतून हिंडत घरी यायचं. दहा-बारा वर्षं आम्ही हे केलं. बायकामुलांनी नावं ठेवली, हेडमास्तरांनी नावं ठेवली, पण आम्ही कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. आणि चार वर्षांपूर्वी, माघातल्या एका सकाळी, याच हिरडीच्या घाटात, सातव्या वळणावर, रम्या दुधाच्या टेम्पोखाली सापडला. टेम्पो आपल्या बाजूनं चढत होता. रम्या रस्त्याच्या मधून सुसाट खाली आला होता.

आमची घाट उतरायची एक रीत होती. उतारावर सारखे ब्रेक दाबले की रिम तापते, रबरं झिजतात. म्हणून एकानं पुढे जायचं, वळण ओलांडून थांबायचं, खालचा रस्ता नीट बघायचा. मागच्यानं वरून विचारायचं, 'मोकळं?' रस्ता रिकामा असला तर पुढच्यानं ओरडायचं, 'मोकळं!' की मागच्यानं ब्रेक सोडून वळण घ्यायचं. गाडी असली तर 'गाडी!' बस्स. एवढेच दोन शब्द.

आणि रम्या इतका काटेकोर, की समोर दोन फर्लांग रस्ता उघडा दिसत असला तरी पठ्ठ्या विचारणारच. 'मोकळंऽऽ?' शेवटचं अक्षर लांबवून वर न्यायचा, भाजीवाला गल्लीत हाळी देतो तसं. उत्तर आल्याशिवाय जागचा हलायचा नाही. मी चिडवायचो, "लेका, घरात मोरीत जातानाही विचारतोस का रे?" तो म्हणायचा, "शैलाला विचार."

असा माणूस गाडी येत असताना वळणात शिरला कसा, हे सगळ्यांना कोडं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात रम्याच्या थोरल्या भावानं माझा दंड धरून विचारलं, "तू पुढे होतास ना? मग?" मी सांगितलं ते असं: रम्यानं वरून 'मोकळं?' विचारलं. मी काही बोलायच्या आत त्याचाच आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला, 'मोकळं'. त्याला वाटलं मीच म्हणालो, आणि त्यानं ब्रेक सोडले.

प्रतिध्वनी. आठवीच्या पुस्तकातला धडा. शास्त्राचे मास्तर सांगतायत म्हटल्यावर कोण काय बोलणार? पोलिसांनी लिहून घेतलं, भावानं दंड सोडला.

पण गाव गप्प बसतं होय? इतक्या वर्षांच्या मित्राचा आवाज आणि आपला आवाज यातला फरक कळू नये, इतकं लक्ष कुठे होतं माणसाचं? आणि त्याचं उत्तर रम्याच्या आईकडे, माईंकडे, तयार होतं. त्या सकाळी माईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. वहिनींच्या माहेरी जायचं दोन आठवडे ठरलेलं, आणि हा ऐन वेळी सायकल काढून मोकळा! वहिनी संतापल्या. दारातून ओरडल्या, "जा एकदाचे! आणि परत येऊच नका!"

कुठल्या घरात असं बोलत नाहीत? माझी बायको तर महिन्यातून दोनदा बोलते. पण त्या दिवशी तो खरंच परत आला नाही. तेव्हापासून माईंनी सुनेला नावानं हाक मारली नाही. 'तिला सांग', 'ती कुठाय', 'तिच्या हातचं नको मला'. चार वर्षं. वहिनी बालवाडीत शिकवायच्या, घर चालवायच्या, सासूचं पथ्यपाणी बघायच्या आणि ते 'ती' ऐकत राहायच्या.

मी त्या घरी दर रविवारी जायचो. गॅसची टाकी लावून दे, माईंची औषधं आणून दे. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. मी ऐकून घ्यायचो.

एका रविवारी वहिनी म्हणाल्या, "भावजी, मला सायकलीनं हिरडीचा घाट उतरायचाय." मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण वर्षभर त्या पहाटे उठून गावाबाहेरच्या चढावर सराव करत होत्या आणि मला पत्ताही नव्हता. मी नाना सबबी सांगितल्या. शाळा आहे, गुडघा दुखतोय, रस्ता खराब आहे. त्या म्हणाल्या, "मग मी एकटी जाते." एकटीला कसं जाऊ द्यायचं? आणि खरं सांगायचं तर, एकटी गेली आणि तिथे जाऊन काही कळलं तर, ही भीती जास्त होती.

तर अशी आमची वरात निघाली.

घाटाला अकरा वळणं. पहिलं ओलांडून मी थांबलो. सकाळचे साडेआठ-नऊ झाले असतील. बांधावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं, खाली खोऱ्यात धूर, कुठेतरी बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज. मी खालचा रस्ता बघितला आणि वरून हाळी आली.

"मोकळंऽऽ?"

मी कठडा धरला. आवाज बाईचा, पण ढब हुबेहूब रम्याची. तेच शेवटचं अक्षर लांबवणं, तेच वर नेणं. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. नवऱ्याबरोबर दहा वर्षं काढलेली बाई, घरात त्याची थट्टा करताना उचलली असेल ती ढब. हे सगळं मला कळत होतं, तरी मी आधी वर वळून बघितलं.

"मोकळं!" मी कसाबसा ओरडलो.

वहिनी वळणातून आल्या. ताठ, ओठ घट्ट मिटलेले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चला पुढे."

दुसरं, तिसरं, चौथं. दर वळणावर तीच हाळी. मी पुढे जाऊन थांबायचो आणि वळणामागे वहिनी नाहीत, रम्याच उभा आहे, असं वाटायला लागायचं. डोक्याला रुमाल बांधलेला, चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला. पाचव्या वळणावर मी रस्ता दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बघितला, तरी तोंडातून शब्द फुटेना. वरून पुन्हा हाक आली. मग कसंतरी म्हणालो.

सहाव्यापाशी त्या थांबल्या. सायकल कठड्याला टेकवली, बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि मला दिलं.

"भावजी, तुम्हाला वाटत असेल, ही बया कशाला आली इथं."

"तसं नाही वहिनी."

"मला एकच कळायला हवंय. तो परत आलेला आवाज कसा होता ते. अगदी माणसासारखा असला, कुणीही फसेल असा असला, तर माझं बोलणं त्यांच्या डोक्यात होतं असं नाही ना म्हणता येणार? मग ते भांडणाच्या तंद्रीत नव्हते. मग मी माईंना सांगेन, चला माझ्याबरोबर, तुमच्या कानांनी ऐका." त्यांचा आवाज कापायला लागला. "आणि आवाज पुसट असला, नीट लक्ष दिलं तर ओळखू येणारा असला, तर मग माझ्यामुळेच गेले. तेही कळू दे. चार वर्षं ना धड इकडे, ना तिकडे. असं नाही जगता येत हो."

मी बाटलीचं बूच लावत राहिलो.

"सातव्या वळणावर तुम्ही उत्तर द्यायचं नाही. पुढे जाऊन, त्या दिवशी जिथं थांबला होतात तिथंच उभे राहा. मी वरून ओरडते. काय परत येतं ते मला ऐकू द्या. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो.

आता सांगतो. प्रतिध्वनी ऐकू यायला समोर कडा लागतो, आणि तो फार लांब असूनही चालत नाही. दर वर्षी मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवलं. सातव्या वळणावर समोर कडाच नाही. दरी सताड उघडी आहे, पलीकडची डोंगररांग कोसभर लांब. तिथे ओरडलेला शब्द दरीत जातो आणि जातोच. चार वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी तिथे उभं राहून ओरडलंच नव्हतं.

मी सातवं ओलांडलं आणि त्याच जागी थांबलो. कठड्याचा तोच तुटका दगड. खालचा रस्ता बघितला, सवयीनं. रिकामा होता.

"मोकळंऽऽ?"

आणि मग काही नाही. वारा, वाळलं गवत, बस्स. मी श्वास धरून उभा होतो. एक सेकंद, दोन सेकंद. वळणामागे ती बाई कान टवकारून उभी आहे आणि तिला काहीही ऐकू येत नाहीये, हे मला दिसल्यासारखं कळत होतं. आता ती येणार. आता विचारणार.

तिनं पुन्हा हाळी दिली. या वेळी जास्त मोठ्यानं, जवळजवळ रडकुंडीला येऊन.

"मोकळंऽऽऽ?"

मला वाटलं, एक शब्द. फक्त एक शब्द पुसटसा म्हटला की ती सुटली. मीही सुटलो. कुणाचं काय जातंय? मी दरीकडे तोंड केलं, तोंडापुढे ओंजळ धरली आणि दबक्या, लांबून आल्यासारख्या आवाजात म्हणालो, "मोकळंऽऽ..."

वरती अगदी शांत झालं.

मग पावलं वाजली. वहिनी सायकल हातात धरून चालत वळणातून आल्या. चेहरा पांढरा पडला होता. मी समोर दरीकडे बोट दाखवून म्हणालो, "ऐकलंत? अगदी असाच..."

"भावजी," त्या म्हणाल्या, "बाईनं हाक मारली, तर परत बाईचाच आवाज यायला हवा ना?"

वीस वर्षं शास्त्र शिकवणारा माणूस मी. आणि हे बालवाडीच्या बाईंना माझ्याआधी सुचलं. मी मटकन कठड्यावर बसलो.

"इथं आवाज घुमतच नाही," त्या म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

"नाही."

"मग त्या दिवशी त्यांना 'मोकळं' कोण म्हणालं?"

"मी म्हणालो."

"तुम्ही बघितलं होतंत? खाली रस्ता बघितला होतात?"

"नाही."

मग मीच बोलत सुटलो. चार वर्षं दाबून धरलेलं भडाभडा बाहेर आलं. माझ्या मोज्यात कुसळं शिरली होती. गवताची कुसळं, टोचत होती, दुसरं काही नाही. मी रस्त्याकडे पाठ करून याच कठड्यावर बसलो होतो, बूट काढून एकेक कुसळ उपटत होतो. रम्यानं विचारलं. मी काही बोललो नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मला वैताग आला. सकाळपासून सातव्यांदा तेच. मान वर न करता ओरडलो, "मोकळं, मोकळं! ये रे बाबा एकदाचा!" आणि तो आला. टेम्पोचा आवाज मला तेव्हा ऐकू आला.

"तो कशाच्याही तंद्रीत नव्हता, वहिनी," मी म्हणालो. "त्यानं दोनदा विचारलं. नीट विचारलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच त्यानं केलं."

मला वाटलं होतं, त्या मला मारतील. मारायला हवं होतं. त्या कठड्याला धरून दरीकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही रविवारी आमच्याकडे जेवत होतात. माई मला 'ती' म्हणायच्या, तेव्हा तुम्ही समोर बसलेले असायचात. भात कालवत."

"हो."

"उठा. आता मी पुढे जाते. तुम्ही मागे या."

पुढची चार वळणं मी कशी उतरलो, ते मलाच ठाऊक. त्या पुढे जायच्या आणि वळणामागे दिसेनाशा व्हायच्या. आता विचारायची पाळी माझी. आठव्या वळणावर मी ब्रेक धरून उभा राहिलो. या बाईनं मला का सांगावं? मी तिच्या जागी असतो तर गप्प राहिलो असतो. शेवटी विचारलं.

"मोकळं?"

"गाडी!" खालून खणखणीत उत्तर आलं. "थांबा!"

मी थांबलो. घरघरत एसटी वर आली आणि धूळ उडवत शेजारून गेली. मग पुन्हा आवाज आला, "मोकळं!" चारही वळणांवर त्यांनी नीट बघून सांगितलं. एकदाही घाई केली नाही. त्या चार हाकांनी मला जेवढं रडवलं, तेवढं रम्याच्या तिरडीनंही रडवलं नव्हतं.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. सायकल मी पुन्हा काढली नाही. शाळेत प्रतिध्वनीचा धडा आला की दुसऱ्या मास्तरांना घ्यायला सांगायचो, घसा बसलाय म्हणून. तरी रस्त्यात कुठलंही वळण आलं, चालत जाताना, रिक्षात बसलो असताना, तरी कानात ती हाळी येते. कधी रम्याच्या आवाजात, कधी वहिनींच्या. मी वाकून दोन-दोनदा बघतो. बरोबरची माणसं हसतात.

त्या दिवशी पायथ्याशी वहिनी माझ्यासाठी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "माईंना सांगायचं. मी नाही सांगणार. मी सांगितलं तर म्हणतील, आपली मान सोडवायला रचलंय. तुम्ही सांगायचं. आत्ता."

गाव तिथून नऊ किलोमीटर. त्या पुढे, मी मागे. मध्ये दोनदा मनात आलं, सायकल वळवावी आणि सुटावं. वहिनींनी मागे वळूनही बघितलं नाही, आणि म्हणूनच मला पळता आलं नाही.

माई पुढच्या खोलीत ताटात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. मी चड्डीत होतो तेव्हापासून त्या मला ओळखत होत्या, रम्याच्या पाठीत बसलेला धपाटा माझ्याही पाठीत बसायचा.

"ये रे प्रभाकर. आज रविवार नसताना वाट कशी चुकलास? बस की. केवढा घामेजलायस मेल्या! तिला सांग, चहा टाक म्हणावं." वहिनी तिथेच दारात उभ्या होत्या.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुसळं, मोजा, दोनदा विचारलेलं, न बघता दिलेलं उत्तर. दवाखान्यातली थाप. मघाशी घाटात केलेली नक्कलसुद्धा सांगितली. माईंची बोटं तांदळातून फिरत होती, ती थांबली.

"म्हणजे हिच्या बोलण्यानं नाही गेला तो?"

"नाही माई. माझ्या बोलण्यानं गेला."

माईंनी ताट बाजूला सारलं. जमिनीवर तळवा टेकून उठायला लागल्या, पण जमेना. मी सवयीनं हात द्यायला पुढे झालो. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि धरला नाही.

"शैला," त्या म्हणाल्या.

वहिनींनी दाराची चौकट घट्ट धरली.

"शैला, बाळ, इकडे ये. मला उठव."

वहिनी धावत आल्या. माईंनी त्यांच्या खांद्याला धरलं, उठल्या, आणि तिथेच दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. माई सुनेच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि तेच तेच म्हणत होत्या, "किती गं बोलले तुला, किती बोलले." मी भिंतीपाशी उभा होतो. त्यांनी मला शिव्या घालाव्यात, थोबाडीत मारावी, रम्याबरोबर लहानपणी मारायच्या तशी, असं मला फार फार वाटत होतं. तेवढ्यासाठीच थांबलो होतो.

बऱ्याच वेळानं माईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. परक्या माणसाकडे बघतात तसं.

"प्रभाकरराव," त्या म्हणाल्या, "तुम्ही निघा आता."

मी चपला घातल्या आणि निघालो.